कोळशाच्या भट्टीची जागा

दवाखान्यात माझ्यासमोर म्हातारे बहीण-भाऊ बसले होते, रागन्हिल्ड आणि टुर्वाल्ड.

"दादा, इतिहास मंडळाची पोरं आली होती ना? जंगलातल्या जुन्या कोळसाभट्टीवर फलक लावायचाय म्हणे."

"आली होती. मी ओढ्यापलीकडची जागा सांगितली."

"अरे, आपण लपाछपी खेळायचो ती भट्टी टेकडीवर आहे! आजोबांच्या भट्टीबद्दल खोटं बोललास?"

"हळू बोल. फलक लागला की अख्खं गाव तिथं जाईल. मग पिवळी अळंबी उरेल का?"

"म्हणजे दरवर्षी माझ्याआधी ती खुडून नेणारा चोर तू? आणि मला सांगतोस, गुडघ्यांमुळे टेकडी चढवत नाही!"

"तूही म्हणायचीस, बाजारातून आणते. बरं, पोरांना काय सांगितलंस?"

"ओढ्यापलीकडे. दोघांचं अगदी जुळलं म्हणून खूश होती बिचारी."