धवलारणीचा अडलेला शब्द

मुरबाड स्टँडवर गाडीची वाट बघत बसले होते. शेजारच्या बाकावर एक आत्या आणि तिची कॉलेजातली भाची. कान माझे तिकडेच!

"उद्याच्या लग्नात मी धवले गानार नाय गो, मनस्वी. हलदीच्या गान्यात एक शब्द अडतो. तोंडाशी येतो नि पळतो."

"जनीआत्ये, त्याला इंग्रजीत नाव हाय. लेथोलॉजिका!"

"मंजे रोगच ना?"

"नाय गो. ग्रीकमधून आलाय. लेथी मंजे विसरनं, लोगोस मंजे शब्द. त्यांच्या गोष्टींत लेथी नावाची नदीपन हाय. मेलेली मानसं तिचं पानी पितात नि सगलं विसरतात."

"मी तर जिती हाय. मी कवा प्याले?"

"सपनात प्याली असशील."

"हस तू. धवलारीन मधेच थांबली तर हलद थांबते, नवरी तशीच बसून राते."

"मग लक्ष्मीकाकीला गाऊ दे."

"तिला माजी चाल येत नाय. तू बस माज्या बाजूला."

"मला कुठं येतंय?"

"बारकी होतीस तवा मांडवात माज्याच मांडीवर निजायचीस. डोले मिट. मी थांबले की पुढं जा."

आत्याने हळूच गाणं धरलं आणि अडली. मनस्वीने मिटल्या डोळ्यांनी पुढची ओळ म्हटली, मग तिच्या पुढचीही. माझी सापगावची गाडी लागली, सुटली. मी उठलेच नाही!

"आत्ये, येतंय की गो मला!"

"गप. गात रा."