घरचा खास पदार्थ

स्वागत-बिगत मला सांगू नका, आमच्या भाईंदरच्या कॉलेजात मी ते करून बसलोय. अल्पसंख्याक मुलांच्या घरच्यांना कॉलेज आपलं वाटावं म्हणून प्राचार्यांनी मेळावा ठरवला आणि नेहमीसारखा माझ्या गळ्यात मारला. तेव्हा मोबाइल सगळ्यांकडे कुठे होते? स्टाफरूमच्या लँडलाइनवरून घरोघरी सांगितलं, आपापल्या घरचा खास पदार्थ घेऊन या. सगळे खूश.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी म्हणाले, "सर, आपल्याकडे नॉनव्हेज चालत नाही. आणि कांदा-लसूणही नको हं."

परत सगळ्यांना फोन. उत्तनच्या मार्सेलिनबाई म्हणाल्या, "सर, बोंबील न्हाय, कांदा न्हाय, मग आमच्या घरचं काय आनू?" मीरा रोडच्या शेखसाहेबांनी नुसतं "अच्छा" म्हणून फोन ठेवला.

मेळाव्यात डबे उघडले, तर प्रत्येकात ढोकळा. स्टेशनसमोरच्या एकाच दुकानातला. मार्सेलिनबाई माझ्याकडे बघत होत्या, मी ढोकळ्याकडे.

सेक्रेटरींनी दोन तुकडे खाल्ले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा सर, उगाच आपण वेगळं समजतो. यांच्या घरीसुद्धा अगदी आपल्यासारखंच करतात!"