हात पुसा, खिडकी उघडा

भाची — मामा, वेबसाइटवरची निरोपांची पेटी व्यवस्थित चालू आहे. काहीही बिघडलेलं नाही.

मामा — मग निरोप का येत नाहीत? नीट बघ. चष्मा लाव.

भाची — लावलाय. आणि येतायत की. कालचा आहे, परवाचा आहे, त्याच्या आदल्या दिवशीचा आहे.

मामा — ते सोड.

भाची — "चाचणी. पोचलं का?" परत खाली, "चाचणी. पोचलं का?" मामा! हे सगळे तूच पाठवलेस?

मामा — मग काय करणार? दुकानाची घंटा वाजली नाही की माणूस स्वतः बाहेर जाऊन वाजवून बघतो. तसंच.

भाची — आणि प्रत्येकाला उत्तरही दिलंयस. "पोचलं. धन्यवाद."

मामा — आलेल्या निरोपाला उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही, हा तुझ्या मामीचा नियम. वेबसाइट तिची, नियम तिचे. ती गेली म्हणून मी काय नियम मोडू?

भाची — नको मोडूस. पण स्वतःचेच आभार मानणारा माणूस मी आजच पाहिला.

मामा — हस. हस पोट धरून. तू पेटीचं बोल. पूर्वी सकाळी उघडली की चार-पाच तरी असायचे. कुणाच्या शिलाई मशीनचा पट्टा घसरतोय, कुणाची सुई मोडतेय. एक बाई तर मशीनचं काम झालं तरी लिहायच्या, आज नातीचा फ्रॉक शिवला, बाहीला जरा चूक झाली. त्यांचंसुद्धा काही नाही. बरं असेल ना त्यांचं?

भाची — बरंच असेल. त्यांना आता इथवर यावं लागत नाही, इतकंच.

मामा — का? आम्ही काय वाईट सांगत होतो?

भाची — तसं नाही रे. हे बघ, पूर्वी माणूस शोधायचा, "मशीनखाली दोरा गुंततो". समोर दहा वेबसाइटी यायच्या, त्यांतली एक मामीची. माणूस आत यायचा, वाचायचा, तरी अडला तर खाली निरोप टाकायचा. आता तो शोधतो तिथेच एआय त्याला उत्तर लिहून देतं. आत यायची गरजच उरत नाही.

मामा — म्हणजे दारातच कुणीतरी उभा. आत जाऊ नका, काय हवं ते मीच सांगतो.

भाची — अगदी तसंच.

मामा — आणि त्याला कुठून कळलं?

भाची — आत येऊन वाचून गेलाय ना.

मामा — आमच्याच घरात येऊन?

भाची — तुमच्या आणि आणखी हजार घरांत.

मामा — काय निर्लज्ज आहे! बरं, मग तू काय करतेस? तुझी नोकरी तर लोकांना दारापर्यंत आणायची होती.

भाची — होतीच. आता त्या दारात उभ्या असलेल्याला पटवायची आहे. आमच्या खोलीत दहा-बारा जण बसायचो. आता मी आणि पंखा. कामाचं विचारायचं तरी कुणाला? मीही त्यालाच विचारते. "हे शीर्षक बरं झालं का?" तो म्हणतो, "फारच सुंदर झालं आहे." रोज म्हणतो. काहीही लिहिलं तरी म्हणतो.

मामा — मामी असती तर म्हणाली असती, "भिकार झालंय, परत लिही."

भाची — आणि ते ऐकून मला बरं वाटलं असतं. मी नोकरीत नवीन होते तेव्हा तिच्या पानांत "शिलाई मशीन दुरुस्ती" कोंबून कोंबून घातलं होतं, आठवतं?

मामा — आठवतं म्हणजे! "तुमच्या भाचीने मला फेरीवाली करून टाकलं, दर ओळीला एकच आरोळी." बसून सगळं खोडून काढलं तिने.

भाची — आणि माझ्याशी अबोला धरला. तिचं बरोबरच होतं, पण तेव्हा तीच पद्धत होती. शोधणारं यंत्र शब्द मोजायचं. आता ते वाचतं. त्याला आरोळी नको, थेट उत्तर हवं. वर प्रश्न, लगेच खाली दोन ओळींत उत्तर, मग एकेक पायरी. लिहिणारं माणूस कोण, त्याने हे काम स्वतःच्या हाताने केलंय का, सगळीकडे त्याचं नाव सारखंच आहे का, हेही बघतं. मग त्याला विश्वास वाटतो, आणि जमलं तर खाली आपलं नाव देतं.

मामा — जमलं तर.

भाची — अरे, जमलंय! म्हणून तर मी उड्या मारत आले. तू फोनवर म्हणालास ना, "कर काय करायचं ते"?

मामा — म्हणालो असेन. तुझं निम्मं डोक्यावरून जात होतं. हो म्हटलं की तू आणखी थोडा वेळ बोलतेस, म्हणून हो म्हटलं.

भाची — मामा...

मामा — पुढे सांग.

भाची — मी दोऱ्याच्या गुंत्याचं पान बदललं. नव्या पद्धतीने. तुझं नाव घातलं, मामीचं घातलं, चाळीस वर्षं दुरुस्तीचं दुकान होतं हे घातलं. तुझा फोन दे इकडे. आता ऐक हं. "शिलाई मशीनच्या खालच्या बाजूला दोरा गुंततो, काय करू?"

फोन — खाली गुंता दिसत असला तरी दोष बहुधा वरच्या दोऱ्यात असतो. कापड दाबणारा पाय वर उचला, वरचा दोरा पूर्ण काढा आणि पुन्हा ओवा. त्यानंतर खालच्या दोऱ्याची बॉबिन योग्य दिशेने बसली आहे का, ते तपासा. ही माहिती "अडलेलं मशीन" या वेबसाइटवरील अनुभवी कारागिरांच्या लेखावर आधारित आहे.

भाची — ऐकलंस? नाव घेतलं! मामीने ठेवलेलं नाव, "अडलेलं मशीन"! ऑफिसात मी ओरडलेच. पंख्याशिवाय कुणी नव्हतं, तरी ओरडले.

मामा — परत विचार.

भाची — आवडलं ना? विचारते. "मशीनखाली दोरा गुंततोय, उपाय सांग."

फोन — सर्वप्रथम कापड दाबणारा पाय वर उचला आणि वरचा दोरा पुन्हा ओवा. गुंता कायम राहिल्यास बॉबिन काढून तिथली धूळ व तुटलेले दोरे स्वच्छ करा. अधिक माहितीसाठी "अडलेलं मशीन" ही वेबसाइट पाहा.

मामा — आणखी एकदा.

भाची — मामा, तो तेच सांगणार. शब्द इकडचे तिकडे करेल.

मामा — बघ ना एकदा.

भाची — थांब. यात तुझे जुने प्रश्न दिसतायत. "मशीनखाली दोरा गुंततो." "खाली दोरा गुंततो काय करू." वर सगळं हेच. मामा, हा प्रश्न तू रोज विचारतोस?

मामा — त्याला येतंय का बघत होतो.

भाची — रोज? तुझ्या हातात दोरा कधी गुंतलाय? डोळे झाकून ओवतोस तू.

मामा — सुरुवातीला त्याची फजिती करायला विचारलं. म्हटलं, बघू काय अक्कल आहे. जेवायला बसलो होतो, फोन वाडग्याला टेकवून ठेवला होता. तो आपला त्या गोड आवाजात सांगायला लागला, आणि म्हणाला, "सुरुवात करण्यापूर्वी हात पुसा, खिडकी उघडा."

भाची — म्हणजे?

मामा — म्हणजे काय म्हणजे? तुला नाही आठवत? लहानपणी दुकानात येऊन बसायचीस ना?

भाची — हात पुसा, खिडकी... मामी म्हणायची.

मामा — मला म्हणायची. मशीन हट्टाला पेटलं की मी त्याच्यावर डाफरायचो, तेलकट हाताने सुई ओढायचो, आणि ती मोडायची. मग ही आतून यायची. मशीनकडे बघायचीसुद्धा नाही. "आधी हात पुसा. खिडकी उघडा." बस, एवढंच. मी उठायचो, हात पुसायचो, खिडकी उघडायचो. परत येऊन बसेपर्यंत राग उतरलेला असायचा. तेच तिने त्या पानात लिहून ठेवलं. जगात कुठल्याच मशीनच्या दुरुस्तीत खिडकी उघडायला सांगत नाहीत, ठमे. ते गिऱ्हाइकासाठी नव्हतंच. ते मला होतं.

भाची — आणि फोन तेच म्हणाला.

मामा — घास हातातच राहिला माझा. कुणा परक्याच्या आवाजात, पण शब्द तिचे. मग रोज विचारायला लागलो. पान उघडून वाचता आलं असतं, मला कळत नाही का? पण वाचायचं म्हणजे आपण वाचायचं. हे म्हणजे कुणीतरी आपल्याला म्हणतंय. घरात दिवसभर मला कुणी काही म्हणत नाही ग.

भाची — रोज म्हणायचा?

मामा — रोज नाही. कधी विसरायचा. मग मी प्रश्न फिरवून विचारायचो, की म्हणायचा. आणि आता काही दिवस झाले, कसाही विचारला तरी म्हणतच नाही. वाटलं, वेबसाइटच बिघडली. पेटीचं निमित्त सांगून तुला बोलावलं. मला वाटलं, तू दुरुस्त करशील.

भाची — मामा, ते बिघडलेलं नाही. ते मी काढलं.

मामा — तू?

भाची — मला फापटपसारा वाटला. उत्तर सुरू व्हायच्या आधी एवढं मोठं बोलणं. त्यामुळे यंत्र चुकतं, भलतंच उचलतं. खिडकी उघडा हे तर मला चुकून राहिलेलं वाटलं. मी ते नीट वाचलंसुद्धा नाही, मामा. वेगळं केलं आणि पुढे गेले. तिचं लिहिलेलं, आणि मी नीट वाचलं नाही.

मामा — रडू नकोस. ए, बघ इकडे. तुझं काम चोख झालंय. नाव घेतोय ना तो?

भाची — जुनं पान आहे माझ्याकडे. टाकलेलं नाही. हे बघ. "दोरा गुंतला? गुंतू दे. मशीनवर चिडू नका, त्याला कान नाहीत. आधी हात पुसा. खिडकी उघडा. आमच्या घरचे कारागीर हे न करता थेट सुईला हात घालतात..."

मामा — "...आणि मग नवी सुई आणायला मला पिटाळतात. तुमच्या घरी पिटाळायला कुणी नसेल, तर जपून."

भाची — पाठ आहे तुला.

मामा — वेबसाइटवर टाकायच्या आधी मला वाचून दाखवायची. मी म्हणायचो, माझी अब्रू का काढतेस चारचौघांत? तर म्हणायची, चारचौघं येतायत म्हणून तर काढते.

भाची — आत्ताच्या आत्ता लावते. नवं सगळं पुसून टाकते, होतं तसं ठेवते.

मामा — मग तो आपलं नाव घेणं बंद करेल?

भाची — बहुतेक. सध्या नव्या पानामुळेच घेतोय.

मामा — आणि हात पुसा म्हणेल?

भाची — तेही सांगता येत नाही. पूर्वी उचललं ते नशिबाने. आता उचलेल, न उचलेल. ते आपल्या हातात नाही, मामा. मी तुला खोटं सांगणार नाही.

मामा — म्हणजे नावही जाईल, आणि ती बोलेल असंही नाही.

भाची — हो.

(मामा उठून खिडकी उघडतो.)

मामा — तुझं नवं लिहिलेलं वर तसंच राहू दे.

भाची — नको, मामा. खरंच नको. मला ते नाव बिव काही नको.

मामा — ऐक. ज्याचा दोरा गुंतलाय त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. त्याला आधी उत्तर मिळू दे. ती असती तर हेच... छे, ती असती तर आधी तुझ्याशी भांडली असती. पण अडलेल्या माणसाला तिने कधी ताटकळत ठेवलं नाही. नाव घेतोय तर घेऊ दे. त्या नातीच्या फ्रॉकवाल्या बाईंना कधी ऐकू आलं, तर ओळखतील तरी.

भाची — आणि मामीचं?

मामा — ते तुझ्या सगळ्या पायऱ्यांच्या खाली लाव. अक्षरही न बदलता. सुईसकट, माझ्या अब्रूसकट.

भाची — खाली लावलं तर यंत्राला अडचण नाही. लावते. पण ते फार खाली जाईल. पायऱ्या, मग माहिती, मग तुमचं दोघांचं नाव, त्याच्याही खाली.

मामा — चालेल.

भाची — माणसं आता येतच नाहीत. जी येतात ती वरच्या दोन ओळी वाचून जातात. यंत्रही वरचं घेऊन निघून जाणार. इतक्या खाली कोण येणार आहे, मामा?

मामा — मी येईन.