खड्डा लांब करा

माझं माहेर आळंदकडचं, कानडी मुलुख, मराठी मी इथं तामलवाडीजवळ नांदायला आल्यावर शिकले. आमी लिंगायत. आमचे मालकबी लिंगायतच की, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. मग कामासाठी हैद्राबादला गेलो आन तिथं पांढऱ्या शर्टाची, टाय लावलेली दोन पोरं दारी यायला लागली. मॉर्मन म्हणतात त्यांना, येशूला मानतात पण त्यांची रीत येगळी. एक दिवस मालक पाण्यात बुडी घेऊन त्यांच्यातले होऊन आले आन गळ्यातलं लिंग काढून माझ्या हातात दिलं, म्हणले, देव्हाऱ्यात ठेव, टाकू नको, बापानं बांधलेलं हाय. मी लई रडले.

सासरे गेल्यावर रान बघायला गावी आलो. त्यांच्या नव्या धर्मात चहा चालत न्हाय, आन गावात चहा न पिणारा माणूस म्हणजे काय सांगू तुला पोरी. धाकटे दीर म्हणायचे, वहिनी, अण्णाला सोयरिकीच्या बैठकीला नेऊ नका, चहा नको म्हणला की लोक समजतील पोरगीच नको. आन झालंबी तसंच, एका बैठकीत पाव्हणे रुसले, तवा हे उठून त्यांच्या म्हाताऱ्याच्या पाया पडले, म्हणले, दूध द्या की, दूध पितो.

माणूस वाईट न्हवता. दारू न्हाय, शिवी न्हाय, हात उगारणं न्हाय. सोमवारी सांजचं पोरांना घेऊन बसायचे, गाणी म्हणायचे, त्यांच्या ग्रंथातली गोष्ट सांगायचे. मला म्हणायचे, तूबी बुडी घे, देवाच्या घरात आपलं लग्न परत लावू, मग मेल्यावरबी आपण नवरा-बायकोच. मी म्हणायचे, एकदा लागलंय की. हसायचे ते, पण मनाला लागायचं त्यांच्या, मला कळायचं. जबरदस्ती कधी केली न्हाय. लेक मात्र त्यांच्या वाटेनं गेला.

गेल्या साली आजारी पडले. सोलापूरच्या दवाखान्यात माझा हात धरून म्हणले, मला बसवू नका, निजवा, पांढरे कपडे घाला. आमच्यात मातीच देतात, पण मयताला मांडी घालून बसवतात, हातात लिंग देतात, खड्डा चौकोनी असतो. तिथंच गेले ते. मी रानात पोचायच्या आत भाऊकीनं तसा खड्डा काढूनबी ठेवला होता. मी म्हणले, भाऊजी, खड्डा लांब करा. दीर म्हणले, वहिनी, जितेपणी अण्णानं मनाचं केलं, आमी गप बसलो, आता तरी त्याला आमचा ऱ्हाऊ द्या. रागानं न्हवते बोलत, रडत होते. आमचे जंगम स्वामी म्हणले, निजवणार असाल तर मी हात लावणार न्हाय. लेक म्हणला, आई, तू सांग. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आन म्हणले, निजवा.

स्वामी निघून गेले. निम्मी भाऊकी गेली. दिरांनी धोतर खोचलं, टिकाव घेतला आन एका अंगानं खणायला लागले.

तवापास्नं स्वामी आमच्या दारात आले न्हाईत. ते सोसते मी. पण रोज एकच येतं मनात, त्यांचं खरं असंल तर ते तिकडं एकलेच. मला माझा देव सोडवत न्हाय. लेकाला सांगून ठेवलंय, मला बसवा, लिंग हातात द्या, त्यांच्या उशाशी जागा करा. लेक म्हणतो, बसवतो आई, पण तुझ्यामागं तुझ्या नावानं आमच्यातल्या एका बाईला बुडी घ्यायला लावीन, आमच्यात चालतं ते, अप्पाला एकलं ठेवू नको. मी चिडले. मेल्यावर कशाला ओढता रे मला, म्हणले. तर म्हणतो, ओढत न्हाईत, तिथंबी तुला विचारतील, नको असंल तर न्हाय म्हण.

बरं म्हणले, विचारू दे. मालक जवळ उभे असतील तवा. त्यांच्या तोंडाकडं बघून काय ते सांगंन.