हॉलच्या भिंतीवर मामंजी

माझं माहेर पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला, आन सासरबी तिकडंच. पानी न्हाई, पिकली तर बाजरी, न्हाईतर तीबी न्हाई, मग दसरा झाला की समदी गावं उसाला निघायची, म्हातारी मानसं आन कुत्री तेवढी मागं. लग्नाच्या आदी आईबरोबर ऊस तोडला, लग्न झाल्यावर ह्यांच्याबरोबर तोडला, मोळ्या वाहून वाहून पाठ गेली माझी, डॉक्टर म्हनले आता वझं उचलायचं न्हाई. तवा आमी केडगावला आलो, खोली घेतली, आत्याबाई, म्हंजे माझ्या सासूबाई, त्यांनाबी बरोबर आनलं. ह्यांनी टेम्पो चालवायला घेतला आन मी घरकाम धरलं. झाडू, लादी, भांडी. आता तुमच्याकडंबी येते, पन तुमच्या आदीपासून मॅडमकडं जाते, पुणे रोडच्या त्या नव्या बंगल्यात.

पन ताई, मला आदी मामंजींचं सांगावं लागंल, त्याबिगर ते भिंतीचं कळायचं न्हाई. मामंजी म्हंजे सासरे. उंच मानूस, पटका बांधायचे, बोलनं कमी. डाव्या भुवईवर बैलाचं शिंग लागलेलं, भुवई मधूनच तुटलेली, केस न्हाईत तिथं. दुष्काळ पडला त्या साली जनावरं चारा छावनीत ठेवलेली. मामंजी सकाळी भाकरी बांधून निघाले, छावनीवर जातो म्हनले. ते छावनीवर पोचलेच न्हाईत. भांडान न्हाई, तंटा न्हाई, काय न्हाई. विहिरी बघितल्या, एसटी स्टँड बघितलं, देवळं बघितली, पोलिसात कळवलं. मानूस जमिनीनं गिळल्यावानी गेला.

वर्सं गेली. मग नणंदेचं लग्न ठरंना. पावने येत, चहा पीत आन इचारत, पोरीचा बाप हाय का न्हाई, एक काय ते सांगा. भावकीतली जुनी मानसं म्हनली, किती दिवस असं अधांतरी ठेवता, उरकून घ्या. आत्याबाई आडव्या आल्या. म्हनल्या, मी त्यांचं मढं बघितलं न्हाई, मी कुंकू कुनाचं पुसू? पन कोन ऐकतं हो बाईचं. गवताचा बाहुला केला, त्याला धोतर नेसवलं, ह्यांनी त्याला अग्नी दिला, दहावं केलं, तेरावं केलं. आन आत्याबाईंचं कपाळ आमच्या चुलत सासूनं पुसलं. मी बाजूला हुभी हुते. त्या रडल्या न्हाईत, नुसत्या ह्यांच्याकडं बघत राहिल्या. तवापासून त्या ह्यांच्याशी सरळ बोलल्या न्हाईत, बोलायचं तर माझ्या तोंडून. त्याला म्हनावं जेवून घे. त्याला म्हनावं दार लाव. नणंदेचं लग्न लागलं, आन त्याच्या पुढच्या साली कोरोना आला. हे ध्यानात ठेवा ताई, कोरोना नंतर आला.

आता मॅडमचं. मानूस म्हनून लई चांगल्या, आरडत न्हाईत, त्यांच्याच कपात मला चहा देतात, पन घराचं येड लई. त्यांच्या मैत्रिणीनं हॉलमधली एक भिंत गर्द हिरवी केली, दुसरीनं दगडाची केली, मग मॅडमना कुठली झोप लागती. मला म्हनल्या, कमल, अॅक्सेंट वॉल करायची आपल्याला. मी म्हनलं, ते काय असतं? म्हनल्या, चारातली एकच भिंत येगळी करायची, बाकी तिन्ही फिक्या ठेवायच्या, म्हंजे दारातून आलेल्या मानसाची नजर सरळ तिथंच जाती. मला हसू आलं. मी म्हनलं, आन बाकी तिघी काय सवती व्हय? मॅडमबी हसल्या.

एक डिझायनर पोरगा आला, दाराशी हुभा राहून बघितलं, सोफ्यामागची भिंत धरली त्यानं. रंग नको म्हनला, फोटो छापलेला कागद लावू, पार छतापतूर. तिथं दुसरं काय टांगायचं न्हाई, खिळा मारायचा न्हाई, सोफा बुटका ठेवायचा, वरून दिवे सोडायचे. मॅडमला गावाकडचं काहीतरी पायजे हुतं. आपली माती दिसली पायजे म्हनल्या. मी मनात म्हनलं, माती पायजे तर या पाथर्डीला, ट्रॉली भरून न्या.

कागद लावायच्या दिवशी मी कचरा काढायला तिथंच. कागद सलग नसतो ताई, पट्ट्या असतात, लुगड्याच्या पन्ह्याएवढ्या. दोन मानसं खळ लावून एकेक पट्टी वरून खाली सोडत हुते. फोटोला रंग न्हाई, समदं काळं-पांढरं. पहिल्या पट्टीत नुसता अंधार. दुसरीत कान आन पटक्याचा कड. मी म्हनलं, कुनीतरी म्हातारा दिसतोय, आन झाडू मारत राहिले. तिसरी पट्टी लागली, त्यानं हातानं दाबून सपाट केली आन बाजूला झाला, तर वर डोळा. आन डोळ्यावर भुवई, मधूनच तुटलेली.

काय सांगू तुमाला. माझ्या हातातून झाडू गळून पडला. आन पयलं काय केलं असंल मी? पदर घेतला डोक्यावर. सासऱ्यापुढं उघड्या डोक्यानं कधी हुभी राहिले न्हाई, हात आपोआप गेला. ती दोघं खो खो हसाया लागली. मावशी, फोटोला लाजता व्हय, हा काय तुमचा सासरा हाय का? व्हय म्हनायचं की न्हाई म्हनायचं? शेवटची पट्टी लागली आन मामंजी पुरते झाले, भिंतभर, कुठल्याशा देवळाच्या पायऱ्यांवर बसलेले, माझ्या उंचीएवढं तोंड.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हनले, काय खुळी का काय तू, पटक्यातले म्हातारे समदे एकसारखेच दिसतात. पन रविवारी मॅडमला सोफा सरकवायचा हुता, तवा हे माझ्यासंगं आले. दारात चप्पल काढली आन तिथंच थांबले. सोफ्याला हात लावंनात. मॅडम म्हनल्या, काय हो, आवडली का वॉल? हे बापाला अण्णा म्हनायचे. म्हनले, अण्णा हायत. मॅडमला वाटलं ह्यांना आणखी कोन मानूस दारात दिसला, त्या मागं वळून बघाया लागल्या.

मग हे वाटंनं मला समजावत आले, फोटो जुना असंल, जायच्या आदी बाजारात कुनी काढला असंल. मलाबी ते पटलं. जीव जरा खाली बसला.

पन वरच्या दिव्यांवर धूळ बसती, त्या कागदाला वलं फडकं चालत न्हाई, म्हनून मी शिडीच्या घोडीवर चढून सुकं फडकं मारत हुते. म्हंजे मामंजींच्या कानापाशीच माझं तोंड. जवळून तोंड-बिंड काय दिसत न्हाई, नुसते ठिपके. पन कानामागं एक दोरी दिसली. सुंभावानी जाड. म्हनलं हे काय बाई? ती दोरी बोटानं धरत धरत खाली आले, गालावरून हनवटीपतूर. हनवटीखाली चुरगाळलेलं फडकं, आमी समद्यांनी ते उपरणं म्हनून सोडून दिलेलं. त्याला चुण्या हुत्या ताई. चुण्या, तीन आडव्या. तो मास्क हुता.

मी घोडीवरच बसले. मॅडम धावत आल्या, कमल, चक्कर आली का? मी म्हनलं, मॅडम, हे माझे सासरे, हनवटीखाली मास्क हाय, आन ह्यांचं तेरावं कोरोनाच्या आदी झालंय. पुरनपोळ्या मी लाटल्यात.

मॅडमनी तिथल्या तिथं त्या डिझायनर पोराला फोन लावला. तो म्हनला, इंटरनेटवरून घेतलाय, खाली नुसतं म्हातारा, भारत, एवढंच लिहिलंय, गाव न्हाई, नाव न्हाई, काढनाराचाबी पत्ता न्हाई.

म्हंजे बघा. आमी जित्या मानसाला जाळलं. जित्या मानसाचं कुंकू पुसलं. रात्री ह्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हनले, आईला सांगू नको, ती परत वाट बघत बसंल, वाट बघून मरंल. मी चार दिवस गप बसले. पन कामावरनं आले की आत्याबाई चहा फुडं करायच्या आन माझ्या डोळ्याम्होरं ते कोरं कपाळ. ह्यांची आई खरी, पन ते कपाळ बाईचं हाय, त्यावर काय असावं काय नसावं हे तिला कळू नये व्हय? मी सांगून टाकलं. मला वाटलं आता हंबरडा फोडतात. त्या म्हनल्या, कवा जायचं? आन उठून पेटीतलं चांगलं लुगडं काढलं.

मॅडमनी दिवे लावून ठेवले हुते. आत्याबाई सरळ भिंतीपाशी गेल्या, हात लावला, म्हनल्या, काय दिसत न्हाई गं. मॅडम म्हनल्या, आजी, मागं या, लांबून बघायचं असतं ते. त्यांना धरून मागं मागं जेवायच्या टेबलापतूर आनलं. तिथनं बघितलं त्यांनी. पापनी हलली न्हाई. मग म्हनल्या, गाल भरल्यात. गेले तवा हाडं राहिली हुती. कुनीतरी येळेवर भाकर घालतंय.

मॅडमनी खुर्ची फुडं केली, त्या बसल्या न्हाईत.

मग म्हनल्या, रस्ता माहीत हुता की त्याला.

त्याला! उभ्या जल्मात आत्याबाईंनी मामंजींना अरे-तुरे केलं नव्हतं.

निघताना मॅडमनी करंडा आनला, सवयीनं हो, बाई घरी आली की लावतातच. मला लावलं, आन आत्याबाईंम्होरं त्यांचं बोट अडलं. कानापतूर लाल झाल्या बिचाऱ्या. आत्याबाईंनी कपाळ फुडं केलं. म्हनल्या, लाव. हक्काचं हाय, लाव. मॅडमनी रुपयाएवढं ठसठशीत लावलं. मला वाटलं चला, बाईचा शबुद खरा झाला, आता ह्या मळवट भरून हिंडतील.

रिक्षात बसलो. केडगावच्या कमानीपतूर आत्याबाई ताठ बसल्या हुत्या, रिक्षावाल्याच्या आरशात स्वतःचं कपाळ बघत. मग माझ्याकडची पान्याची बाटली घेतली, पदराचा शेव वला केला आन कुंकू पुसलं. नीट, कडंकडंनं, एक ठिपूस ठेवला न्हाई. मी म्हनलं, आत्याबाई, आवो काय करता? म्हनल्या, तवा तुमी पुसलं हुतं. आता मी पुसलं.

घरी आल्या आन ह्यांना म्हनल्या, बाळू, पाट घे, जेवाया बस. सरळ ह्यांना. हे जेवले न्हाईत, भिंतीकडं तोंड करून रडले.

आता कसंय ताई, त्या सुटल्या आन हे अडकले. टेम्पो घेऊन शिर्डीला गेले, कुठंबी गेले तरी देवळाच्या पायऱ्या दिसल्या की गाडी थांबवतात, एकेका म्हाताऱ्याच्या तोंडाकडं वाकून बघतात. किती बोलनी खाल्ली टेम्पोच्या मालकाची. मॅडम म्हनल्या, तुला त्रास हुत असंल तर कागद काढून टाकते. मी म्हनलं नको, तुमचं घर हाय. आदी पावने आले की त्या म्हनायच्या, बघा किती अस्सल चेहरा हाय. आता म्हनत न्हाईत. चहा आनतात.

फुडल्या महिन्यात पितरं येतील. दर साली मामंजींचं पान ठेवतो आमी. ह्यांनी काल आईला इचारलं, आई, औंदा काय करू? पान ठेवू का नको? आत्याबाई तांदूळ निवडत हुत्या. मान वर न करता म्हनल्या, ठेव की. मेला आसंल तर पोचंल. जिता आसंल तर ठसका लागंल.

चला, लादी राहिली माझी. पाय वर घ्या ताई.