चौथीची पाऊणकी

आमचं घरानं पिढीजात मिठाचं. पेनच्या खाडीला माझा बाप मिठागरावर राबायचा, मी चालायला शिकले तीच बांधावर. शाळा काय मी बघितली न्हाय, पन पाऊनकी मला सात वर्सांची असताना तोंडपाठ. कशी म्हनाल, तर भरतीसाठी. जी तिथी असंल तिची पाऊनपट करायची, तितक्या वाजता भरती पुरी, अष्टमी असंल तर सहा, दशमी असंल तर साडेसात, आनि त्याच्या सहा तास आधी पानी खाली गेलेलं. बापाकडं घड्याळ कुठलं, पन बांधाचं दार कधी उघडायचं आनि खारं पानी कधी आत घ्यायचं, ते त्याचं कधी चुकलं न्हाय. तुम्ही अलिबागला जायचं म्हनताय म्हनून सांगते, हे ध्यानात ठेवा बाई, माझा सगळा गुन्हा ह्या पाऊनकीतच हाय.

लगीन झालं ते डोंगराकडच्या गावात. आमचे हे भातशेतीच्या घरातले, खाडी त्यांनी पयली पाह्यली ती वरात आली तेव्हा. आनि लगीन झालं तसे मुंबईला गिरनीत, बॉयलरच्या भट्टीत कोळसा मारायला. शिमग्याला यायचे, गनपतीला यायचे, आठ दिवस राह्यचे की चालले. काय सांगू तुम्हाला, मला त्यांचा चेहरा आठवायला लागायचा, डोळे मिटून बसायचे मी, तर कधी नाक आठवायचं तर कधी नुस्ती टोपी. एक पोरगी झाली, ती दहा महिन्यांची असताना तापानं गेली, तर हे आले पंधरा दिवसांनी, आनि येताना तिच्यासाठी झबलं घेऊन आले. पत्र पोचलंच नव्हतं. ते झबलं अजून हाय माझ्याकडं.

मग एका पौषात हे अवचित आले, अंगात नवा कोट, आनि म्हनाले चल, तुला अलिबागला नेतो. मला अलिबागला कोन नेनार व्हतं कधी! सासऱ्यांनी गाडी दिली, आम्ही माझ्या आत्याकडं उतरलो, तिच्या वाडीत नारळ, पोफळी, अंगनात खाट टाकून दिली तिनं. मी चार वेळा केस विंचरले. सकाळी लवकर हे मला समुद्रावर घेऊन गेले, आनि तिथं वाळूवर उभं राहून, माझ्याकडं न बघता म्हनाले, मी गिरनी सोडली. आगबोटीवर जागा मिळालीय, आफ्रिकेला जायचं, भट्टीचंच काम, दोन वर्सांचा करार. आज दुपारचा तांगा धरून रेवसला जायचं, तिथनं मुंबईची बोट, उद्या सकाळी आगबोटीवर हजर नसलो तर जागा दुसऱ्याला. मी म्हनले दोन वर्सं? तर म्हनाले दोन म्हंजी काय, बघता बघता जातील. बघनारी कोन, मीच ना? राग असा आला मला की त्यांचा तो नवा कोट समुद्रात फेकून द्यावा. मी समोर बघितलं.

समोर किल्ला. अलिबागचा किल्ला पान्यात हाय, ओहोटीला चालत जायचं, भरतीला चारी बाजूंनी समुद्र. त्या दिवशी चौथ व्हती, मला संकष्टीचा उपास. चौथीची पाऊनपट तीन. तीनला भरती पुरी, म्हंजी नऊला पानी खाली, आनि अकरा वाजले की वाट बुडनार. हे सगळं माझ्या डोक्यात एका झटक्यात झालं बघा. मी म्हनले, अवं, एवढं लांब चाललात तर किल्ल्यातल्या गनपतीच्या पाया पडून जा. ते म्हनाले वेळ हाय का, पानी येनार न्हाय ना, तू खाडीची, तुला कळतं. मी म्हनले हाय वेळ. पार दुपारपर्यंत हाय.

घोट्याएवढ्या पान्यातनं गेलो. मी मुद्दाम हळू चालले, पायात शिंपला रुतला म्हनून बसले. देवळात पाया पडले आनि म्हनले एकवीस प्रदक्षिनांचा नवस हाय माझा. कसला नवस, तिथंच काढला, देवासमोर उभी राहून काढला. हे दाराकडं बघायचे, मी मोजायचे, आनि चौदावर आले की परत अकरा म्हनायचे. गुरवानं हाक दिली, चला, पानी लागलं, जानारांनी निघा. हे म्हनाले ऐकलंस का. मी म्हनले नवस अर्धा टाकू नका, परदेशी चाललात. ते थांबले. माझ्यावर भरवसा ठेवून थांबले, काय सांगू.

बाहेर आलो तर वाट न्हाय. दोन्हीकडनं पानी येऊन मिळालेलं, आनि यायचं थांबत नव्हतं. ह्यांनी धोतर वर खोचलं आनि शिरले. गुडघा झाला, कंबर झाली, मी काठावरनं बघतेय, आनि एकदम त्यांचा पाय सुटला. पोहता येत नव्हतं त्यांना! मी अशी किंचाळले आनि उडी टाकली, मला पोहता यायचं, कोटाला धरून मागं ओढलं, तो कोट पाठीवर टर्रकन फाटला. खडकावर बसले ते खोकत. माझ्यामुळं मेले असते ते, दोन वर्सांसाठी न्हाय, कायमचे गेले असते.

मग दिवेलागनीपर्यंत आम्ही त्या दगडावर. तांगा गेला असंल, बोट गेली असंल, हे समुद्राकडं बघत बसलेले. लग्नाच्या सात वर्सांत मला एकटीला त्यांच्याजवळ इतका वेळ कधी मिळाला नव्हता, आनि त्यांनी एकदासुद्धा माझ्याकडं बघितलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले, तर आगबोट गेलेली. गिरनीतपन घेतलं न्हाय. चार दिवसांनी परत आले ते माझ्या बापाच्या मिठागरावर, सासऱ्याच्या हाताखाली, गाव हसायला मोकळं. कुनी विचारलं तर म्हनायचे, भरतीनं माझी नोकरी खाल्ली. मी खाली मान घालून ऐकायचे. ह्यांच्या जागेवर जो गेला तो दोन वर्सांनी परत आला, मनगटावर घड्याळ, बायकोला रेशमी लुगडं. हे त्याच्याकडं बघून हसले, आनि त्या दिवशी जेवले न्हाईत.

मग एकदा काय झालं, बाप थकला, म्हनाला जावयाला पाऊनकी शिकवतो, दाराचं काम आता त्यानं बघावं. बांधावर बसून हे बोटं मोजत व्हते, मी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन शेजारनं चालले. बीज दीड, तीज सव्वादोन, चौथ तीन. तिथं थांबले. बोट तसंच धरलेलं. मला म्हनाले, अगं, त्या दिवशी तुला उपास व्हता ना? मी म्हनले व्हय. संकष्टीचा? व्हय. आनि तुला पाऊनकी कधीपासनं येते? मी म्हनले सात वर्सांची असताना. पाटी डोक्यावर तशीच. मला वाटलं आता हाकलतील, न्हायतर हात उचलतील. ते उठले, बांधाचं दार वर ओढलं, आनि म्हनाले, चल, हो बाजूला, पानी आलं.

पुन्हा त्यावर शब्द न्हाय. चार पोरं झाली आम्हाला, चारही त्यांच्या मांडीवर वाढली. फक्त दर चौथीला सकाळी उठले की म्हनायचे, आज तीनला भरती. तेवढंच. मरेपर्यंत म्हनाले. तो राग व्हता का माफी व्हती, मला विचारायची हिंमत झाली न्हाय. आता ते न्हाईत, चौथीला सकाळी माझं मीच म्हनते. तुम्ही अलिबागला जाल तेव्हा तिथी बघून जावा, बाई, सुखानं जावा, सुखानं परत या. आनि संगं जो असंल त्यानं विचारलं वेळ हाय का, तर खरं काय ते सांगा. मी सांगितलं असतं का पुन्हा, ते मला विचारू नका.