चालू इंजिनवर काढलेली वायर

मिस्त्री : काका, आता पुन्हा स्टार्टर मारू नका. बॅटरी पार बसलीय.

काका : मग दुसरी जोड! डॉक्टर म्हणालेत, संध्याकाळपर्यंतच. धाकटा भाऊ तिकडे दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय आणि मी इथे तुझ्या गॅरेजमध्ये बॉनेट उघडून बसलोय.

मिस्त्री : माझ्या टेंपोची जोडलीच होती की मघाशी. इंजिन चालू असताना मीटर लावला, जेमतेम बारा व्होल्ट. चौदाच्या आसपास हवेत. अल्टरनेटर बॅटरी चार्जच करत नाहीये.

काका : पट्टा सैल असेल, नीट बघ.

मिस्त्री : पट्टा घट्ट आहे, वायरिंग ठीक आहे, कार्बन ब्रशही पाहिले. आतले डायोड उडालेत. कधीपासून त्रास देतोय?

काका : कसला त्रास? आज सकाळी निघण्याआधी मी स्वतः तपासलाय.

मिस्त्री : तपासलाय म्हणजे?

काका : तुला शिकवलं होतं तसंच. इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढली. गाडी बंद पडली नाही. म्हणजे चार्जिंग ठणठणीत.

मिस्त्री : अहो काका, काय केलंत हे!

काका : का? काय झालं?

मिस्त्री : जुन्या डायनॅमोला ते चालायचं. अल्टरनेटरची वायर अशी काढली की डायोड जळतात.

(काका बॉनेटमध्ये वाकून अल्टरनेटरवर हात ठेवतात.)

काका : म्हणजे मीच जाळला.

मिस्त्री : जाऊ द्या हो.

काका : धाकट्यानं बसवला होता रे तो. मला न विचारता डायनॅमो भंगारात दिला. म्हणाला, दादा, आता दिवे मंद होणार नाहीत. मी त्याला घराबाहेर काढलं. अकरा वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही, या डबड्यापायी! आणि अकरा वर्षं गाडी चालवली ती त्याच्याच अल्टरनेटरवर. लाज नाही वाटली मला.

मिस्त्री : चला, टेंपोत बसा. तासाभरात पोचवतो.

काका : गाडी घेऊन ये, असा निरोप होता त्याचा. आता कुठल्या तोंडानं जाऊ?

मिस्त्री : त्यांना गाडी घेऊन काय करायचंय? तुम्ही हवे आहात. उठा बघू.

काका : थांब. पाना दे आधी. अल्टरनेटर काढून घेतो, दोन बोल्टचं काम आहे.

मिस्त्री : आत्ता? काढून करणार काय त्याचं?

काका : त्याच्या हातात देतो. म्हणतो, तू चांगला बसवला होतास, मी बिघडवला.

मिस्त्री : आणि ते शुद्धीवर नसले तर?

काका : तरी सांगेन. तू टेंपो काढ.